आईचं दुसरं नाव

“सर, व्हिसाच्या फॉर्मवर खोटं लिहिलं तर काय होतं?”

हा प्रश्न उर्वीचा नव्हता. तोंड तिचं होतं, माइक शाळेचा होता, पण प्रश्न मागच्या रांगेतल्या रत्नम्माचा होता. दहावीच्या मुलांना करिअरची दिशा दाखवायला पुण्याहून एक पाहुणे आले होते. त्यांनी पाऊण तास दिशा दाखवली, परदेशी शिक्षणाच्या अर्जात प्रामाणिकपणा किती महत्त्वाचा ते आठ वेळा सांगितलं (रत्नम्माने बोटांवर मोजलं होतं) आणि शेवटी म्हणाले, “कुणाला काही शंका?” नांदेडच्या शाळेत हे वाक्य ऐकलं की पोरं सतरंजीवरून उठून चपला शोधायला लागतात.

रत्नम्मा मूळची देगलूरची आणि पैज लावण्यात पक्की. ती उर्वीच्या कानाशी आली. “लई माइकवाली झालीस ना पंधरा ऑगस्टपासून? मग ऊठ, आणि खोटं लिहिलं तर काय होतं ते विचार. विचारलंस तर उद्या डब्यातला सगळा सुशीला तुझा.”

पंधरा ऑगस्टचं प्रकरण असं, की सूत्रसंचालन करणारी मुलगी आदल्या दिवशी तापाने पडली आणि बाईंनी समोर दिसली म्हणून उर्वीला उभं केलं. तोवर उर्वी हजेरीलासुद्धा जमिनीकडे बघून ‘हजर’ म्हणायची. त्या दिवशी माइकमधून स्वतःचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन परत येताना तिने ऐकला, आणि तिला तो फार आवडला. तेव्हापासून ती घरी ‘भाजी वाढ’ हेसुद्धा जरा खणखणीतच म्हणायची. शिवाय रत्नम्माच्या आईच्या हातचा मुरमुऱ्यांचा सुशीला. उर्वी उठली आणि विचारून मोकळी झाली.

हॉल हसला. पाहुणेही हसले. “ते देशावर असतं, बेटा. कुठे पाच वर्षं, कुठे दहा. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी साधारण तीन वर्षं पुन्हा व्हिसा मिळणं अवघड होऊन बसतं. का गं? काही लिहून बसलीस की काय?”

हॉल आणखी हसला. सगळ्यात मोठ्याने उर्वी हसली, कारण अकरा दिवसांपूर्वी ती खरोखरच लिहून बसली होती. ऑस्ट्रेलियाच्याच फॉर्मवर.

दुसऱ्या दिवशी रत्नम्माने डबा पुढे केला. सुशीला नेहमीसारखाच झाला होता, वरून शेंगदाण्याचं कूट, लिंबू. उर्वीला तो गिळता येईना. बाकावरच्या तिघी तिला ‘वकीलसाहेब’ म्हणत होत्या आणि ती मुरमुरे एकेक करून खात होती.

झालं होतं ते असं. उर्वीची मोठी बहीण, वर्षाराणी, लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी मेलबर्नला गेली. आता तिला आठवा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियम. पण डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं, त्यामुळे लेक माहेरी येण्याऐवजी माहेरच लेकीकडे पाठवायचं ठरलं. माहेर म्हणजे आई. तीन महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर.

तरोडा नाक्याजवळच्या त्यांच्या तीन खोल्यांच्या घरात ताईची कॉट अजून तशीच होती. ताई गेल्यापासून त्या कॉटवर फक्त इस्त्रीचे कपडे झोपायचे. आता तिथे आईची उघडी बॅग होती, आणि बॅगेत रोज काहीतरी पडत होतं: खारीक, अळीव, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. शेजारच्या साखराबाई काकूंनी डिंकाचे लाडू दिले होते, ते विमानतळावर चालतात का यावर गल्लीत दोन तट पडले होते. आई पोळ्या लाटता लाटता इंग्रजीची तयारी करायची. तिकडच्या अधिकाऱ्याने ‘कोण तुम्ही?’ विचारलं तर सांगायचं वाक्य उर्वीनेच तिला दिलं होतं. “आय अॅम हर मदर,” आई तव्याला सांगायची. “आय अॅम हर मदर.” तवा ऐकून घ्यायचा.

फॉर्म भरायला गुंडप्पा काकांनी एक एजंट सुचवला होता. वरच्या मजल्यावरचे गुंडप्पा काका भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले. पण त्यांच्या साडूचा मुलगा दुबईला असल्यामुळे गल्लीचं परराष्ट्र खातं त्यांच्याकडे होतं. पप्पांनी एजंटाला साफ नकार दिला. “आपली उर्वी भरेल की,” ते चार लोकांत म्हणाले. पप्पा, म्हणजे अनंतराव सर, हायस्कूलला मराठी शिकवतात, आणि मुलीचं कौतुक करायचं तर उत्तरपत्रिकेच्या समासातच, असा त्यांचा आजवरचा बाणा. ते चार लोकांत म्हणाले, म्हणजे उर्वी त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

फॉर्म ऑनलाइन होता, लांबलचक होता, आणि त्याच्या तिसऱ्या की चौथ्या पानावर एक साधा प्रश्न होता: अर्जदाराला पूर्वी कधी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखलं जात होतं का? हो, नाही.

आता आईचं नाव आरती. पण ते पप्पांनी लग्नात ठेवलेलं. चाकूरजवळच्या तिच्या माहेरी ती सिंधु. उर्वीला हे चांगलं माहीत होतं, भागवत मामाचा फोन आला की “सिंधे, बरी हायस का?” असंच ऐकू यायचं. म्हणून तिने आधी ‘हो’च दाबलं. ‘हो’ दाबल्याबरोबर फॉर्मने खाली चार नवे रकाने उघडले. दुसरं नाव काय, ते कधी होतं, का बदललं. तिने भरले. तेवढ्यात लाइट गेली. परत भरले, फॉर्म म्हणाला, तुमची वेळ संपली, पहिल्यापासून या. तिसऱ्यांदा त्या प्रश्नापाशी आली तेव्हा पप्पा पाठीमागे उभे होते. “अजून तिथंच? एजंटानं अर्ध्या तासात केलं असतं.”

उर्वीने ‘नाही’ दाबलं. फॉर्मने एकही रकाना उघडला नाही. सरळ पुढचं पान आलं, कसं शहाण्यासारखं. शेवटी एक प्रश्न होता, हा अर्ज भरायला कुणाची मदत घेतली का? तिथेही तिने ‘नाही’ लिहिलं. तिच्या मते ते खरं होतं. तिने मदत केली नव्हती, सगळंच केलं होतं.

पाहुण्यांच्या भाषणानंतर चौथ्या दिवशी ई-मेल आली. अर्जावर उर्वीचाच ई-मेल दिलेला, त्यामुळे ती आली ती एकट्या उर्वीलाच. इंग्रजी फार सभ्य होतं. अर्जदार आरती यांनी आपल्याला दुसरं कोणतंही नाव नसल्याचं कळवलं आहे. निमंत्रण देणाऱ्या वर्षाराणी यांच्या पासपोर्टवर आईचं नाव ‘सिंधु’ असं आहे. सबब अर्जात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचं दिसतं. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करावा. अन्यथा अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि पुढची तीन वर्षं व्हिसा मिळणार नाही.

उर्वीने ती मेल सात वेळा वाचली. मग तिला सगळा हिशोब लागला. ताईही पहिलीच, म्हणून ताईचा जन्म आईच्या माहेरी. जन्माची नोंद करायला गेला भागवत मामा. आईचं नाव विचारल्यावर भाऊ काय सांगणार? सिंधु. तेच दाखल्यावर, तेच पुढे पासपोर्टवर. उर्वी दुसरी, तिचा जन्म नांदेडला. नोंद करायला पप्पा गेले. त्यांनी सांगितलं, आरती. म्हणजे सरकारी कागदांनुसार ताईची आई वेगळी आणि उर्वीची आई वेगळी. एका ई-मेलमध्ये उर्वीची सख्खी बहीण गेली. कागदावर ती एकुलती एक होती.

खरं तर तेव्हाच स्वयंपाकघरात जाऊन सांगायचं. पण स्वयंपाकघरात आई तव्याला ‘आय अॅम हर मदर’ म्हणत होती, आणि नेमकं तेच वाक्य एका देशाला पटत नव्हतं. उर्वी माघारी आली. उद्या सांगू, ती म्हणाली. अठ्ठावीस दिवस म्हणजे काही कमी नाहीत.

असे नऊ उद्या गेले.

त्या नऊ दिवसांत उर्वीला एक गोष्ट कळली. गुपित ठेवायचं म्हटलं की भरलेल्या घरातही आपण भाड्याने राहिल्यासारखे होतो. जेवताना पप्पा विचारायचे, “काही आलं का तिकडून?” ती म्हणायची, “नाही.” हे ‘नाही’ फॉर्मवरच्या ‘नाही’सारखंच होतं, याच्याखालीही काही उघडायचं नाही. ताईचा व्हिडिओ कॉल यायचा. ताई सुजलेले पाय दाखवायची आणि म्हणायची, “आई आली की मी दोन दिवस नुसती झोपणार आहे. इथं कुणीच नाही गं बोलायला. हे जातात सकाळी, मग मी आणि फ्रिज.” उर्वी फोनचा कॅमेरा पंख्याकडे करायची.

आणि एक विचार तर तिने स्वतःपासूनही लपवून ठेवला होता. आई गेली की तीन महिने घरात ती, पप्पा आणि व्याकरण. ताई गेली तेव्हा घर अर्धं रिकामं झालं, आता उरलेलंही जाणार. मग ते ‘नाही’ नुसत्या घाईत दाबलं, की थोडंसं त्यासाठीही? तिने खूप विचार केला. उत्तर येईना. माइकवर बोलायला धीर लागतो म्हणतात. त्याहून जास्त धीर स्वतःला असं काही विचारायला लागतो, आणि तिथे टाळ्या वाजवायला कुणीही नसतं.

दहाव्या दिवशी ती गुंडप्पा काकांकडे गेली. सरळ विचारणं शक्य नव्हतं, म्हणून तिने फार हुशारीने विचारलं.

“काका, माझ्या एका मैत्रिणीच्या आईचं आहे. त्यांनी परदेशाच्या फॉर्मवर एक नाव लपवलं. तिकडून पत्र आलंय.”

काकांनी चष्मा काढला. “दुसरं नाव? बाईमाणसाला?”

“हो.”

“कोणती मैत्रीण?”

“ते सांगता येत नाही.”

“देगलूरची ती?”

उर्वी गप्प बसली. हुशारी तिथेच संपली होती. गप्प बसणं म्हणजे गुंडप्पा काकांच्या खात्यात सही-शिक्क्यानिशी होकार असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत रत्नम्माच्या आईचं दुसरं नाव आहे ही बातमी तीन घरांत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या नावाचं पहिलं लग्न झालं होतं. दुपारी साखराबाई काकू, ज्यांचं मन खरंच मऊ आहे, डिंकाच्या लाडवांचा एक डबा घेऊन रत्नम्माच्या घरी गेल्या आणि तिच्या आईच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “झालं गेलं जाऊ द्या. तुम्ही काय कुणाचा खून केलाय का? फक्त फॉर्मवर खरं लिहा.” रत्नम्माच्या आईने आयुष्यात बँकेच्या चलनापलीकडे कोणताही फॉर्म भरलेला नव्हता.

त्यानंतरच्या दिवशी शाळेत रत्नम्मा बाकावरून उठून दुसरीकडे जाऊन बसली. भांडली नाही, काही बोललीच नाही. रत्नम्माचं न बोलणं म्हणजे काय हे कळायला रत्नम्माचं बोलणं ऐकलेलं असावं लागतं. बाकीच्या दोघीही तिच्या मागे गेल्या. चार जणींच्या बाकावर उर्वी एकटी उरली, आणि डबा एकटीनेच उघडला. त्यात कारल्याची भाजी होती.

संध्याकाळी रत्नम्माची आई लाडवांचा डबा हातात घेऊन उर्वीच्या दारात उभी राहिली. “आरतीताई, मला एक नाव सांगा ज्यानं मी लपून राहिलेय. तुमच्या पोरीनं सांगितलंय म्हणे.”

आईने उर्वीकडे पाहिलं. पप्पांनी वह्या तपासायचं थांबवून उर्वीकडे पाहिलं. जिन्यावर गुंडप्पा काका उभे होते, त्यांनीही पाहिलं. उर्वीने आत जाऊन फोन आणला आणि ई-मेल उघडून पप्पांच्या हातात दिली.

पप्पांनी ती पूर्ण वाचली. रत्नम्माच्या आईची त्यांनी हात जोडून माफी मागितली, तिला चहा घ्यायला बसवलं, ती न घेता गेली. मग त्यांनी मेल दुसऱ्यांदा वाचली. ओरडतील तर बरं, असं उर्वीला झालं होतं. ते एवढंच म्हणाले, “तारीख बघ. मेल येऊन अकरा दिवस झाले.” मग वह्यांचा गठ्ठा उचलून दुसऱ्या खोलीत गेले. उत्तरपत्रिकेच्या समासात इतके कमी मार्क उर्वीला कधीच पडले नव्हते.

 आईने बॅगेतलं वरचं दुपटं काढलं, झटकलं, पुन्हा घडी केली आणि परत तिथेच ठेवलं.

पप्पांनी आधी भागवत मामाला फोन लावला, स्पीकरवर. “भागवतराव, तुम्ही त्यावेळी नोंदीत सिंधु कसं काय लिहिलंत?”

“मंग काय लिव्हायचं?” मामा शेतात होता, मागे मोटार चालल्याचा आवाज येत होता. “माझ्या बहिणीचं नाव सिंधु हाय. तुमची ती आरती कोण, मला काय ठावं? मला कुणी सांगितलं व्हतं का?”

मराठीच्या शिक्षकाने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवार होता, गुंडप्पा काका तोडगा घेऊन खाली आले. आपल्यामुळे गोंधळ वाढला हे त्यांना लागलं होतं, आणि गुंडप्पा काकांना काही लागलं की ते दुप्पट मदत करतात.

“सर, नीट ऐका. फॉर्मवर काय लिहिलंय? दुसरं नाव नाही. आता ‘होतं’ म्हणालात तर खोटं पकडलं गेलं, तीन वर्षं गेली. मग करायचं काय? ते ‘नाही’ खरं करायचं.”

“म्हणजे?”

“सिंधु वेगळी बाई. वहिनींची सख्खी बहीण. पोरगी तिची. सिंधु वारली, पोरगी वहिनींनी सांभाळली, लहानाची मोठी केली. दोन्ही कागद खरे, दोन्ही नावं खरी. कोर्टासमोर मडिवाळप्पा बसतो टायपिंगला, त्याच्याकडून मी मसुदासुद्धा आणलाय. प्रतिज्ञापत्र करायचं, भाषांतर करायचं, पाठवून द्यायचं. हाय काय त्यात?”

त्यांनी कागद पुढे ठेवला. उर्वीला वाटलं पप्पा तो कागद फाडतील. वर्गात एखाद्याने दुसऱ्याची निबंधवही उतरवली तर ते अख्खा तास त्यावर बोलतात. पप्पांनी कागद वाचला. मग खिशातलं लाल पेन काढलं.

“‘मयत झाल्या असून’ बरोबर आहे. ‘तीची’ दीर्घ नाही, ऱ्हस्व. आणि ‘साभाळ’ नव्हे, ‘सांभाळ’, अनुस्वार राहिलाय.” पेन थांबलं. “गुंडप्पा, हे बरोबर नाही हो.”

“शुद्धलेखन?”

“नाही. सगळंच.”

“मग वहिनींनी जाऊ नये?”

पप्पांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. अनुस्वार दिला.

आई हात पुसत बाहेर आली. तिने कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. “मी कशानं गेले, ते लिहिलंच नाही,” ती म्हणाली.

“कारणाची गरज नसते, वहिनी,” काका म्हणाले. “तारीख पुरे.”

“एक जून घातलीय.”

“मडिवाळप्पाला तारीख माहीत नसली की तो एक जूनच घालतो. सवय आहे त्याची. गावाकडच्या सगळ्यांचे जन्म त्यानं एक जूनलाच घातलेत.”

आई खुर्चीवर बसली. उर्वीला वाटलं ती रडेल, पण आई हसली, अगदी थोडं. “नाव बदललं तेव्हा ताटात तांदूळ घेतले होते. यांनी अंगठीनं लिहिलं, आरती. मला वाटलं, कुणी विचारेल तरी, पसंत आहे का. मग सासूबाईंनी ताट आत नेलं आणि त्याच तांदळाचा भात लावला. पंगतीला मीच वाढला.” तिने कागद मांडीवर सरळ केला. “तेव्हापासून सिंधु म्हणणारं एक भागवतच आहे. बाबा गेले, आई गेली. मैत्रिणी कुठं कुठं दिल्या, त्यांची पण नावं बदलली असतील, शोधू म्हटलं तरी सापडायच्या नाहीत.”

पप्पांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असणार, आणि यात लाल पेनाने दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

“पण पोरगी तिकडं एकटी आहे,” आई म्हणाली. “तिला कळा सुरू होतील आणि शेजारी बोलायला एक माणूस नसेल. सिंधु मेली म्हटल्यानं मला तिच्यापाशी जाता येत असेल तर मेली. कुठं करायची सही?”

काकांनी बोट ठेवून जागा दाखवली. पप्पांनी खिडकीकडे बघितलं. आईने लाल पेनच उचललं, काका म्हणाले निळं लागतं, मग निळं पेन शोधायला घरात तीन मोठी माणसं उठली. एका शिक्षकाच्या घरात त्या वेळी एकही निळं पेन सापडेना.

उर्वी ताईच्या कॉटवर, बॅगेच्या शेजारी बसून हे बघत होती. तिच्या कंपासपेटीत तीन निळी पेनं होती. ती तिने दप्तरासकट मांडीखाली दाबून धरली होती. तिला दिसत होतं, की एका ‘नाही’पासून आपण इथवर आलो. त्याने आधी एक बहीण नेली, मग एक मैत्रीण, आणि आता आईच आईच्या मरणावर सही करायला पेन शोधतेय. कुणी आईला थांबवा म्हणत नव्हतं. कुणी उर्वीला काही विचारतच नव्हतं. माइक नव्हता, हॉल नव्हता, पैजही नव्हती. 

ती उठली. आवाज खणखणीत निघाला नाही, जेमतेम निघाला.

“आई, पेन शोधू नको. पप्पा, तुम्ही पण बसा.”

आई बसली नाही, पण थांबली.

“चुकीचं उत्तर दिलं असेल तर ते कळवायचा तिकडं एक वेगळाच फॉर्म असतो. मी आठ दिवसांपूर्वीच शोधलाय, भरायचा धीर झाला नव्हता. तो मी आत्ता भरायलेय. दुसरं नाव, हो. सिंधु. बदलायचं कारण, लग्न. मामाचं पत्र जोडू, आईचा शाळेचा दाखला जोडू, लग्नाची पत्रिका असेल तर ती जोडू. आणि अर्ज मी भरला, मला नाव माहीत होतं, तरी ‘नाही’ मी दाबलं, हे पण लिहिणार आहे.”

“अगं, मग ते नाकारतील,” गुंडप्पा काका म्हणाले. “तीन वर्षं…”

“नाकारतील कदाचित, काका. कदाचित नाही. पण हे असलं पाठवून आई तिकडं पोचली, तर तिला तिथं रोज मावशी म्हणून राहावं लागेल. ताईला कागदोपत्री आई उरणार नाही.” तिने पप्पांकडे पाहिलं. “तुम्ही रागवा, पप्पा. चालेल. पण त्या कागदावर अनुस्वार देऊ नका.”

पप्पांनी कागद उचलला आणि त्याची चौपदरी घडी करून खिशात ठेवला.  आईच्या समोरच्या खुर्चीवर बसून ते तिच्याकडे बघत राहिले, एखादा धडा वर्षानुवर्षं शिकवून एक ओळ आजच दिसावी तसे.

“आणि वर्षूला काय सांगायचं?” आईने विचारलं. “ती दिवस मोजायलीय.”

उर्वीने फोन हातात घेतला. तिकडे दुपार असेल. ताई आणि फ्रिज.

“ताईला तुम्ही दोघं काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “मीच सांगणार आहे. आई येईल का नाही ते माहीत नाही, आणि नाही आली तर ते माझ्यामुळं. हे तिनं माझ्याच तोंडून ऐकायचं, असं मी ठरवलंय.”